पोलीस गाडी भरधाव गेली, जाब कसा विचारायचा?

माझ्या पहिल्या तक्रारीला एका ओळीचं उत्तर आलं होतं: ‘सदर वाहन कर्तव्यावर होते.’ मी चांगलं दीड पान लिहिलं होतं. गाडी कशी सुसाट गेली, शाळा सुटायची वेळ कशी होती, रस्ता ओलांडणारे एक आजोबा दचकून कसे मागे सरले, सगळं. वेग मात्र ‘खूप’ एवढाच लिहिला होता, वेळ ‘दुपारी’, आणि गाडीचा नंबर अर्धाच. त्या एका ओळीनं माझं दीड पान निकालात काढलं. आज तो अर्ज वाचला तर मीही निकालातच काढेन.

पुढे कळलं की ती ओळ खोटी नव्हती, पण तिनं माझ्या प्रश्नाला हातही लावला नव्हता. पोलीस आठ-दहा तास कर्तव्यावर असतो. त्या सगळ्या वेळात त्याला वेगमर्यादा तोडायची मुभा नसते. ‘कर्तव्यावर असणं’ आणि ‘तातडीच्या कॉलवर असणं’ या दोन गोष्टींमधलं अंतर कागदावर दाखवता आलं, तरच तक्रारीत दम येतो. आणि ते दाखवणारा कागद तुमच्याकडे कधीच नसतो, तो पोलीस खात्याकडेच असतो. खाली जे काही लिहिलंय ते सगळं तो कागद बाहेर काढण्यासाठी आहे.

पहिली पायरी: सवलत कशाला आहे ते समजून घ्या

सवलत खाकीला किंवा गाडीच्या रंगाला नसते, त्या घडीच्या कामाला असते. ब्रिटनमधला १९८४चा रस्ते वाहतूक नियमन कायदा घ्या. त्याचं ८७वं कलम म्हणतं की वाहन पोलिसी कामासाठी वापरात असेल आणि वेगमर्यादा पाळल्यानं त्या कामात अडथळा येणार असेल, तर मर्यादा लागू नाही. दोन अटी आहेत आणि दुसरी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे कायदे तातडीच्या वाहनाला सूट देतात, पण त्याच कलमात इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेण्याचं बंधन चालकावर ठेवतात. भारतात २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात २१० ब हे कलम आलं: कायदा राबवण्याचा अधिकार ज्याला आहे, त्यानंच तो मोडला तर दंड दुप्पट. हे कलम अर्जात नुसतं नोंदवलं, तरी वाचणाऱ्याची बसण्याची पद्धत बदलते असा माझा अनुभव आहे.

आता उलट बाजू. नवखे तक्रारदार हमखास लिहितात, ‘सायरन बंद होता, म्हणजे तातडी नव्हती.’ तसं नसतं. घरफोडी चालू असल्याची खबर आली, किंवा कुणी जीव द्यायच्या बेतात आहे असं कळलं, तर पोलीस मुद्दाम भोंगा बंद ठेवून पोचतात. म्हणून सायरन बंद होता हे नोंदवा जरूर, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. निष्कर्ष काढलात की उत्तर देणाऱ्याला तेवढंच एक वाक्य खोडून मोकळं होता येतं.

दुसरी पायरी: जागच्या जागी टिपून घ्या

फोनवर आवाज रेकॉर्ड करणं सगळ्यात सोपं. गाडीचा नंबर. तो दिसला नाही तर छतावरचा किंवा दारावरचा खात्याचा क्रमांक, आणि बऱ्याचदा हाच जास्त उपयोगी पडतो, कारण गाड्यांचा हिशेब खातं याच क्रमांकानं ठेवतं. वेळ मिनिटासकट, फोनच्या घड्याळातली. दिशा, कुठल्या चौकाकडून कुठल्या चौकाकडे. दिवा चालू की बंद, सायरन चालू की बंद. पाऊस, धुकं, रहदारी. सोबत कोण होतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. ती गाडी पुढे कुठे थांबली? पाच मिनिटांनी तुम्ही त्याच रस्त्यानं जाताना ती पेट्रोल पंपावर निवांत उभी दिसली, तर तेही वेळेसकट टिपा. माझ्या पाहण्यातल्या एका तक्रारीत अख्खा निकाल या एका ओळीवर लागला.

तिसरी पायरी: वेग मोजा, अंदाज करू नका

इथे थोडा वेळ घालवू, कारण तक्रारी मार खातात त्या इथेच.

‘ताशी १२० तरी असेल’ या वाक्याला काडीचीही किंमत नाही. बाजूनं गाडी मोठा आवाज करत गेली की तिचा वेग आहे त्याहून जास्त वाटतो. त्यापेक्षा हिशेब करा. रस्त्यावरच्या दोन ठळक खुणा धरा: विजेचा खांब, पुलाचा कठडा, दिशाफलक. त्यांच्यातलं अंतर नकाशाच्या ॲपवर मोजता येतं, पण शक्य असेल तर नंतर स्वतः टेप घेऊन किंवा मोजणीचं चाक फिरवून खात्री करा. गाडीला पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते व्हिडिओवरून काढा. मीटरला सेकंदांनी भागा आणि ३.६ नं गुणा, ताशी किलोमीटर मिळतात.

समजा खुणांमध्ये ३०० मीटर आहेत आणि गाडीला ९ सेकंद लागले. ३०० भागिले ९ म्हणजे ३३.३, गुणिले ३.६ म्हणजे ताशी १२०. तुमचं घड्याळ अर्धा सेकंद इकडेतिकडे झालं असं धरलं, तरी उत्तर ११४ ते १२७च्या मध्येच पडतं. मर्यादा ६०ची असेल तर त्या चुकीनं काही बिघडत नाही.

आता हेच ५० मीटरवर करून बघा. १२०च्या वेगाला दीड सेकंद लागतो. यात ०.३ सेकंदाची चूक झाली की उत्तर १०० सुद्धा येतं आणि १५० सुद्धा. तोच रस्ता, तीच गाडी, पण हा आकडा कुणासमोर ठेवण्याच्या लायकीचा नाही. म्हणून अंतर जितकं लांब घेता येईल तितकं घ्या आणि अर्जात आकड्याच्या बरोबर त्याची मर्यादाही लिहा: ‘ताशी ११४ ते १२७च्या दरम्यान’. स्वतःच्या चुकीची कबुली आधीच दिलेला माणूस समोरच्याला खोडायला अवघड जातो.

व्हिडिओबद्दल दोन बारकावे. मोबाइल सहसा सेकंदाला ३० चित्रं घेतो, पण प्रकाश कमी झाला की काही फोन ही संख्या आपोआप कमी करतात. म्हणून चित्रं मोजून वेळ काढू नका, फाइलमधली वेळेची नोंद बघा. आणि गाडी खुणेला नेमकी कधी पोचली हे तिरकं उभं राहून कळत नाही. जवळची वस्तू आणि लांबची वस्तू एका रेषेत आल्याचा भास होतो. रस्त्याला काटकोनात उभं राहून टिपलेली वेळच धरा.

मूळ फाइलला हात लावू नका. कापलेली, संगीत चढवलेली, मेसेजमधून पाठवून दाबली गेलेली प्रत पुरावा म्हणून दुबळी असते. मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा आणि काम प्रतीवर करा.

‘मी त्याच्या मागे होतो, माझ्या मीटरवर १०० दाखवत होतं’ असंही पुष्कळ जण लिहितात. युरोपसह अनेक देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार, गाडीच्या मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं, जास्त दाखवलं तर चालतं, आणि तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकं. म्हणजे खरा वेग १०० असताना मीटर ११४ दाखवू शकतं. तुमचा मीटर तुमच्याच विरुद्ध साक्ष देतो. शिवाय त्या वाक्यात तुम्ही स्वतः मर्यादा तोडल्याची लेखी कबुली असते, ती वेगळीच.

हौशी रडार गन बाजारात मिळते. तिच्यातली गंमत अशी की ती गाडीच्या वाटेशी कोन करून धरली तर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवते, म्हणजे चूक गाडीवाल्याच्या बाजूनं जाते. पण तपासणीचं प्रमाणपत्र नसेल तर तिचा आकडा कुणी धरत नाही. पैसे वाचवा.

जे करायचं नाही ते

पाठलाग करू नका. हे ठासून सांगायचं कारण म्हणजे त्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २०१६ साली अमेरिकेत मायामीजवळ एका महिलेनं भरधाव जाणाऱ्या पोलीस गाडीचा पाठलाग केला, अधिकाऱ्याला थांबायला लावलं, जाब विचारला आणि सगळं फोनवर टिपलं. व्हिडिओ जगभर फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तिनं स्वतःच सांगितलं की गाठण्यासाठी तिला ताशी ८० मैल, म्हणजे १३० किलोमीटरच्या आसपास जावं लागलं. वर पोलीस संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यानं तिचा फोन नंबर इंटरनेटवर टाकला. व्हिडिओत ती जिंकली, पण पुढचे दिवस तिचे कसे गेले असतील याचा विचार करा. गाडी कुठल्या कॉलवर होती की नव्हती, हा मूळ प्रश्न मात्र त्या रस्त्याच्या कडेला सुटण्यासारखा नव्हताच.

गाडी चालवताना फोन हातात घेऊ नका. शेजारी बसलेल्यानं टिपावं, नाहीतर डॅशकॅम. सार्वजनिक ठिकाणी पोलिसांचं चित्रीकरण करण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, आपल्याकडचे आधी बघून घ्या. आणि चित्रफीत थेट समाजमाध्यमावर टाकायची घाई करू नका. एकदा बोंब झाली की खातं बचावाच्या पवित्र्यात जातं, आणि तुम्हाला हव्या असलेल्या नोंदी ‘चौकशी चालू आहे’ या शिक्क्याखाली जातात.

चौथी पायरी: नोंद पुसली जाण्याआधी पत्र टाका

सीसीटीव्ही आणि गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. म्हणून तक्रार घोटून लिहायला आठवडा घ्या, पण त्याच दिवशी चार ओळींचं पत्र पाठवा: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक वाहन, या वेळेतलं चित्रण आणि जीपीएस नोंद जतन करावी. बस. त्यात तक्रार नको, राग नको, वेगाचा आकडाही नको. पोच घ्या. ईमेल केला असेल तर उत्तराची वाट न पाहता छापील प्रतही आवक खिडकीवर देऊन शिक्का मारून घ्या. पुढे ‘चित्रण उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, की त्या शिक्क्यावरची तारीख तुमच्या बाजूनं बोलते.

पाचवी पायरी: त्यांच्याच नोंदी मागा

या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अमेरिकेतल्या फ्लोरिडात घडली. ‘सन सेंटिनेल’ या वर्तमानपत्राच्या बातमीदारांना पोलिसांच्या वेगावर लिहायचं होतं. रस्त्यावर रडार घेऊन उभं राहण्याऐवजी त्यांनी माहितीच्या कायद्याखाली पोलीस गाड्यांच्या टोलच्या नोंदी मागवल्या. गाडी एका नाक्यावरून कधी गेली, पुढच्या नाक्यावरून कधी गेली. मग जीपीएस घेऊन ते स्वतः त्या रस्त्यांवर फिरले आणि नाक्यांमधली अंतरं मोजली. भागाकार शाळेतला. तेरा महिन्यांच्या नोंदींतून जवळपास ८०० पोलीस ताशी ९० ते १३० मैलांनी, म्हणजे १४५ ते २०९ किलोमीटरनी गाड्या हाकताना सापडले. त्यातले कित्येक ड्युटीवर नव्हतेच, घरी जात होते किंवा घरून येत होते. २०१२मध्ये हे छापून आलं, अनेकांवर कारवाई झाली, आणि २०१३चं लोकसेवेसाठीचं पुलित्झर पारितोषिक त्या वर्तमानपत्राला मिळालं.

या पद्धतीची ताकद नीट बघा. दोन नाक्यांमधला सरासरी वेग १४५ आला, तर वाटेत कुठेतरी गाडी १४५ किंवा त्याहून जोरात गेलीच असणार. मध्ये थांबली असेल तर बाकीच्या वेळात आणखी जोरात. त्यामुळे सरासरी हा कमीत कमी आकडा ठरतो आणि त्यावर वाद घालायला जागा उरत नाही. दोन घड्याळांत पाच-दहा सेकंदांचा फरक असला, तरी वीस किलोमीटरच्या पट्ट्यात तो कुठल्या कुठे विरून जातो.

तुम्हाला टोलच्या नोंदी मिळतील असं नाही. पण पोलीस गाडी स्वतःमागे आणखी पुष्कळ कागद सोडते: लॉगबुक, जीपीएस, नियंत्रण कक्षाची कॉलनोंद, वेगाच्या कॅमेऱ्यांनी काढलेली चालानं आणि त्यातली कुठली कुठल्या कारणानं रद्द झाली त्याची नोंद. या शेवटच्या नोंदीकडे लोकांचं लक्ष जात नाही. कॅमेरा पोलिसाला ओळखत नाही, तो सगळ्यांनाच टिपतो. रद्द करणारा माणूस असतो, आणि त्यानं कारण लिहिलेलं असायला हवं.

मागणी अशी लिहा:

‘दि. १४ रोजी रात्री ९.४२च्या सुमारास अमुक चौकातून जाणाऱ्या वाहन क्र. अमुक यासंबंधी पुढील नोंदींच्या प्रती मिळाव्यात. एक, सदर वाहनाची त्या दिवशीची लॉगबुकमधील नोंद. दोन, रात्री ९.३० ते १०.०० या वेळेतील वाहनाची जीपीएस नोंद, वेगासह. तीन, त्याच वेळेत नियंत्रण कक्षाने सदर वाहनास दिलेल्या कॉलची वेळ व प्रकार. कळवणाऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता वगळावा. चार, तातडीच्या प्रसंगी वाहन चालवण्याबाबत लागू असलेले आदेश.’

यात काय नाही ते बघा. ‘का’ नाही, ‘कुणाच्या परवानगीनं’ नाही. भारतातला २००५चा माहिती अधिकार कायदा कार्यालयाकडे असलेली नोंद देतो, स्पष्टीकरण देत नाही, त्यामुळे ‘का’ विचारलं की अर्ज तेवढ्यावरच फेटाळता येतो. वेळ अर्ध्या तासाची मागितली, कारण महिन्याभराच्या मागणीला ‘काम फार वाढेल’ हे उत्तर तयार असतं. आणि कळवणाऱ्याचं नाव वगळा असं आपणहून म्हटलं, म्हणजे खासगीपणाची सबब उरत नाही. चौथी मागणी साधी वाटते, पण खात्याचे स्वतःचे आदेश सहसा कायद्याहून कडक असतात. कुठल्या कॉलला किती घाई करायची, हे त्यात लिहिलेलं सापडतं.

मुदती ध्यानात ठेवा. भारतात उत्तराला ३० दिवस, ते न आल्यास किंवा न पटल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. ब्रिटनच्या २०००च्या कायद्यात कामाचे २० दिवस. अमेरिकेत स्थानिक पोलिसांना राज्याचा कायदा लागतो, केंद्राचा नाही. चुकीच्या कायद्याखाली अर्ज करून महिने घालवलेले लोक मी पाहिलेत.

सहावी पायरी: तक्रार

नोंदी हातात आल्या की तक्रार एका पानात मावते. घटना तीन ओळींत. मोजलेला वेग, पद्धत आणि मर्यादा. मग त्यांच्याच नोंदीतली ओळ: ९.३० ते १०.०० या वेळेत सदर वाहनास कोणताही कॉल नव्हता. मग कलम. मग मागणी, आणि ती झेपेल अशी: चौकशी करावी व निष्कर्ष लेखी कळवावा. ‘निलंबित करा’ ही मागणी पहिल्याच पत्रात केली की वाचणारा आपल्या माणसाच्या बाजूनं उभा राहतो.

पत्र त्या चालकाच्या थेट वरिष्ठाला न पाठवता त्याच्याही वरच्याला पाठवा आणि एक प्रत पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेला. भारतात पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या प्रकाश सिंह निकालानंतर राज्या-राज्यांत पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायची होती. त्यांच्यापुढे मुख्यतः गंभीर गैरवर्तनाच्या तक्रारी चालतात, त्यामुळे नुसत्या वेगासाठी तिथे फार अपेक्षा ठेवू नका. अपघात झाला असेल, कुणी जखमी असेल, तर मात्र हा मार्ग आधी धरा, आणि वकील गाठा.

त्रास होईल का?

होऊ शकतो, आणि गोड बोलून तो झाकण्यात अर्थ नाही. फ्लोरिडातलीच गोष्ट. २०११मध्ये महामार्ग पोलिसांच्या एका महिला अधिकाऱ्यानं ताशी १२० मैलांनी जाणाऱ्या मायामीच्या पोलीस गाडीला अडवून चालकाला बेड्या घातल्या. तो दुसऱ्या नोकरीला उशीर होतो म्हणून धावत होता. पुढे त्याची नोकरी गेली. पण त्यानंतर निरनिराळ्या खात्यांतल्या डझनावारी पोलिसांनी सरकारी संगणकातून त्या बाईंची खासगी माहिती उघडून पाहिली, आणि त्यांना निनावी फोन यायला लागले. ती स्वतः पोलीस होती. तिच्या बाजूनं उभी राहिली ती पुन्हा एक नोंदच: कुणी, कधी, कुठल्या संगणकावरून तिचं नाव शोधलं, हे यंत्रणेत उमटलेलं होतं, आणि त्यावर तिनं खटले भरले.

म्हणून तक्रारीत घरचा पत्ता देणं टाळता येत असेल तर टाळा, टपालपेटी किंवा वकिलाचा पत्ता द्या. दोघा-तिघांनी मिळून सही करा. फोनवर ‘एकदा येऊन भेटा’ असा निरोप आला तर ‘लेखी कळवा’ एवढंच म्हणा. गेलातच तर एकटे जाऊ नका. तक्रारीनंतर तुमच्या गाडीला अचानक चालानं यायला लागली, तर त्यांच्या तारखा एका वहीत उतरवत चला.

एकाच गाडीवर, एकाच चालकावर डूख धरू नका, असंही मी सांगेन. एका घटनेत काहीतरी स्पष्टीकरण निघतंच. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, पाळी बदलताना दर दोन-चार दिवसांनी तसंच घडत असेल, तर ते चालकाच्या स्वभावापेक्षा खात्याच्या सवयीबद्दल काहीतरी सांगतं. तेव्हा तारखांचा तक्ता करा आणि तोच पुढे ठेवा.

माझ्या दुसऱ्या तक्रारीला उत्तर यायला चार महिने लागले. या वेळी ओळी दोन होत्या: ‘सदर वेळेत वाहनास कॉल नसल्याचे आढळून आले. चालकास समज देण्यात आली आहे.’ उत्तराची प्रत फाइलला लावली, आणि त्याच टपालानं त्या गाडीच्या पुढच्या तीन महिन्यांच्या लॉगबुकची मागणी पाठवली, रोजची फक्त रात्री साडेनऊ ते दहा.